पिकअपच्या हौद्यावर कडक कव्हर की शेल? अनुभवींनी सांगा

रानवाट:
नमस्कार मंडळी,

माझ्या चार दारी पिकअपचा हौदा अजून उघडाच आहे. पाऊस आला की ताडपत्री ओढा, ऊन पडलं की काढा, आणि गाडी कुठे लावली की अर्धं लक्ष तिकडेच. आता कायमची सोय करायची ठरवलंय, पण दोन महिने झाले तरी गाडी तिथेच अडली आहे.

मापं आधी देतो. हौद्याची आतली लांबी १५२ सेंमी, रुंदी १५०, चाकांच्या कमानींच्या मध्ये ११०, खोली ४८. फाळका पाडला की लांबी २०० सेंमी होते.

माझं काम पाण्याचे पंप आणि हीटर दुरुस्त करण्याचं. रोज बरोबर हत्यारांच्या ४ पेट्या, फिटिंगचे डबे, शिडी आणि ३ मीटरचे पाइप असतात. अधूनमधून नवा हीटर किंवा टाकी न्यावी लागते. सुट्टी मिळाली की मी, बायको आणि आमची कुत्री रानात मुक्कामाला जातो.

माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, तीन घड्यांचं ॲल्युमिनियमचं कडक कव्हर. दुसरा, केबिनच्या उंचीचा फायबरचा शेल, म्हणजे काही लोक ज्याला कॅनोपी किंवा टॉपर म्हणतात तो, दोन्ही बाजूंना वर उघडणाऱ्या खिडक्यांसह. माझं मन शेलकडे झुकलंय. उंच सामान मावेल, आत झोपता येईल, कुत्री मागे बसेल. बायकोला कव्हर हवंय. तिचं म्हणणं, शेल एकदा बसवला की पिकअप पिकअप राहत नाही.

वापरलेल्या माणसांनी सांगावं. विकत घेताना कळत नाही आणि सहा महिन्यांनी टोचतं, असं काय असतं?

चौथा गिअर:
शेल घ्या. मी ७ वर्षं वापरतोय, एकदाही पस्तावलो नाही.

नवखा ड्रायव्हर:
कापडी गुंडाळीचं कव्हर का नको? हलकं असतं, स्वस्तही असतं.

रानवाट:
@नवखा ड्रायव्हर, हत्यारांवर माझं पोट आहे. कापडाला ब्लेड लावलं की काम झालं. म्हणून कडकच हवं.

पाना-पक्कड:
रानवाट, गॅरेजात माझी तीस वर्षं गेली. कव्हरं आणि शेल दोन्ही बसवलेत आणि दोन्ही उतरवलेत. उतरवताना जास्त शिकायला मिळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

घडीचं ॲल्युमिनियम कव्हर २५ ते ३५ किलोंचं असतं. क्लॅम्प सैल केले की एकटा माणूस १० मिनिटांत उतरवून भिंतीला उभं करतो. फायबरचा शेल ७० ते १०० किलो. तो उतरवायला दोन माणसं तरी लागतात, चार असली तर बरं, नाहीतर छताला कप्पी. उतरवल्यावर ठेवायला खाटेएवढी जागा हवी ती वेगळीच. 'लागेल तेव्हा काढू' म्हणणाऱ्या बहुतेकांनी शेल एकदाही काढलेला नाही, हे मी पाहिलंय. तेव्हा शेल घेतलात तर तो कायमचा, असं धरूनच हिशेब करा.

आता कव्हरमधले प्रकार. तुम्ही एकच लिहिलाय, पण कडक कव्हर तीन तऱ्हांची असतात.

अखंड झाकणाचं कव्हर गॅसच्या दांड्यांवर डिकीसारखं वर उघडतं. दिसायला सगळ्यांत देखणं, पाणीही सगळ्यांत कमी घेतं. पण झाकण तिरकं उघडतं, त्यामुळे त्याच्यापेक्षा उंच वस्तू न्यायची तर आख्खं झाकणच उतरवावं लागतं. शिवाय थंडीत आतला गॅस आकसतो आणि दांड्यांचा जोर उतरतो. जुने दांडे असतील तर झाकण डोक्यावर येतं.

पट्ट्यांचं, शटरसारखं सरकणारं कव्हर वापरायला फार सुखाचं. पण ते जिथे गुंडाळलं जातं तो डबा हौद्यात केबिनला लागून बसतो. वीस-तीस सेंमी जागा तो खातो. तुमच्या १५२ मधून तेवढे वजा करून बघा. डब्याला पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या असतात. झाडाखाली गाडी लावणाऱ्याच्या नळ्या पाल्याने तुंबतात आणि मग सगळं पाणी आत.

तिसरं घडीचं, जे तुम्ही बघताय. अर्धं उघडून, पट्टे लावून गाडी चालवता येते. पूर्ण घडी घातलीत तर मागच्या काचेतून दिसणं जवळपास बंद होतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. फाळक्याला कुलूप नसेल तर कडक कव्हर म्हणजे कडी नसलेलं दार. कव्हरची कुलपं फाळक्याच्या आतून असतात. फाळका उघडला की सगळं उघडलं.

रानवाट:
काका, मनापासून धन्यवाद. फाळक्याला कुलूप आहे, पण ते सेंट्रल लॉकिंगला जोडलेलं नाही. वेगळी किल्ली लावावी लागते.

पाना-पक्कड:
मग कुठलाही पर्याय घ्या, आधी ते जोडून घ्या. वेगळी किल्ली असली की घाईत माणूस ती लावत नाही.

मातीचा रस्ता:
माझा शेल आहे आणि मला तो आवडतो, म्हणून त्याचं दुखणं मीच सांगतो. धूळ!

गाडी धावताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत घुमते आणि फाळक्याच्या बारीकसारीक फटींतून आत खेचली जाते. हौद्याचा फाळका मुळात हवाबंद नसतोच. तो वाळू-विटा अडवायला बनवलेला असतो. कव्हरखालीही धूळ येते, पण शेलची पोकळी मोठी, मागे काच, काचेखाली पुन्हा फाळक्याचा सांधा, त्यामुळे फटी जास्त. पहिल्या मातीच्या रस्त्यावरून ६० किलोमीटर गेलो आणि अंथरुणावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी माती जमली होती.

उपाय दोन. फाळक्याच्या तिन्ही कडांना, विशेषतः खालच्या बिजागरीच्या बाजूला, चांगल्या रबराचं बीडिंग. आणि शेलच्या पुढच्या भागात, टपाजवळ, हवा आत घेणारी झडप. समोरून हवा आत ढकलली गेली की आतला दाब वाढतो आणि धूळ आत यायच्या ऐवजी बाहेर फेकली जाते. नुसती फट बुजवत बसण्यापेक्षा ही झडप जास्त काम करते.

फटी शोधायची सोपी युक्ती: अंधार पडल्यावर एकाने शेलमध्ये बसून दार लावून घ्यायचं, दुसऱ्याने बाहेरून टॉर्च सगळ्या सांध्यांवरून फिरवायचा. जिथून उजेड येतो तिथून धूळ आणि पाणी येणार. आतल्याने खडूने खुणा करायच्या.

आकडेमोड:
रानवाट, गाडीची भारवहन क्षमता किती? पाटीवरचा आकडा द्या.

रानवाट:
६५० किलो.

आकडेमोड:
मुक्कामाच्या दिवसाचा हिशेब मांडतो. दोन माणसं १४०, कुत्री २८, शेल ८५, झोपण्यासाठी खण असलेला पाटाचा सांगाडा ८०, हत्यारं १९०, फिटिंग आणि पाइप ४०, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. बेरीज ६०३. उरले ४७.

तोच दिवस कव्हरवर: माणसं आणि कुत्री १६८, कव्हर ३२, हत्यारं १९०, फिटिंग ४०, पाणी ४०. बेरीज ४७०. उरले १८०.

हत्यारांचा आकडा मी चार पेट्यांवरून अंदाजाने धरलाय, तुम्ही तोलून घ्या. आणि क्षमतेच्या आकड्यात चालक धरलाय का ते बघा. काही देशांच्या नियमात चालकाचे ७५ किलो रिकाम्या गाडीच्या वजनातच धरलेले असतात, काही ठिकाणी नसतात. मागे ट्रेलर जोडत असाल तर त्याच्या दांड्याचा हुकवर येणारा भारही याच ६५० मधून जातो.

रानवाट:
पण मुक्कामाला हत्यारं कशाला नेईन?

आकडेमोड:
गेल्या वेळी उतरवली होती?

रानवाट:
नाही. रात्री उशिरा कामावरून आलो आणि पहाटे तसेच निघालो.

आकडेमोड:
म्हणूनच धरली. ज्या दिवशी सगळ्यांत जास्त भरणार, तो दिवस पकडायचा. शेलचं वजन मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर रात्रंदिवस असतं, गाडी रिकामी असली तरी. आणि उंचावर असतं, म्हणून वळणावर जाणवतं.

निशिगंध:
मी आणि माझी बहीण शेलमध्ये झोपून बरंच फिरलोय. झोपण्याविषयी कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

दादा, तुमचा हौदा १५२ सेंमीचा. फाळका लावून त्यात सरळ झोपणं विसरा. मला वाटलं होतं तिरकं झोपू. कर्ण काढला की २१३ सेंमी येतो आणि जीव भांड्यात पडतो. पण माणसाला खांदे असतात. ६० सेंमी रुंदीची सरळ गादी १५० च्या चौकोनात तिरकी बसवायची तर तिची लांबी जेमतेम १५३ च भरते, कारण गादीचे कोपरे भिंतींना अडतात. कोपरे कापलेली गादी केली, डोकं आणि पाय कोपऱ्यात घातले, तर एका माणसाचं भागतं. दोघांचं नाही. ११० सेंमीच्या कमानींमुळे जमिनीवर तर तेही नाही. कमानींच्या वर, साधारण २५ सेंमी उंचीवर पाट टाकला तरच पूर्ण रुंदी मिळते. मग शेलच्या टपापर्यंत उरतात ७५ सेंमी. बसता येत नाही, कोपरावर रेलता येतं. कपडे झोपूनच बदलायचे.

दोघांना झोपायचं तर फाळका पाडावा लागेल. म्हणजे मागची काच वर, आणि मधल्या उघड्या भागाला कापडी पडदा. पडदा चांगला शिवून घ्या, जाळी आणि पावसाचं कापड असे दोन थर. आम्ही तसंच करतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कृपया हे हलक्यात घेऊ नका. थंडी वाजते म्हणून इंजिन चालू ठेवून शेलमध्ये झोपू नका. आमच्या पहिल्याच फेरीत बहिणीला पहाटे डोकं जड झालं, मळमळायला लागलं. इंजिन अर्धा तास चालू होतं, वारा मागून होता आणि धूर फटींतून आत येत होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेत कळतच नाही. त्या दिवशी ती जागी झाली म्हणून आम्ही दोघी वाचलो असं मी आजही मानते. तेव्हापासून बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी असतो. आत गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवणंही तितकंच घातक. गाडी चालताना मागची काच उघडी ठेवायची नाही, कारण मातीचा रस्ता यांनी सांगितलेली तीच पोकळी धूरही आत ओढते.

आणि खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा. श्वासाची वाफ रात्रभर टपाला लागते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. पहिल्यांदा आम्हाला शेल गळतोय असंच वाटलं होतं.

रानवाट:
ताई, अंगावर काटा आला. अलार्मचं लिहून घेतलं. आणि गादीचं गणित मी कर्णापर्यंतच केलं होतं, अगदी तुम्ही म्हणता तसंच खूश होऊन.

श्वानमित्र:
कुत्रीसाठी शेल हे कारण असेल तर एक विचारतो. ती मागे एकटी बसेल का? माझी दोन कुत्री शेलमध्ये मजेत बसतात, पण ती लहानपणापासून तशीच वाढलीत. उन्हात उभ्या गाडीचा शेल भट्टी होतो, गडद रंगाचा असेल तर विचारू नका. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना जाळी, टपावर वायुवीजनाची खिडकी आणि खाली न घसरणारी रबराची चटई, इतकं केलं तरच. शिवाय हौद्याचे धक्के केबिनपेक्षा खूप जास्त असतात, कारण मागचे पाटे माल वाहण्यासाठी कडक बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत तर जास्तच.

कडक कव्हरखाली जनावर कधीही ठेवू नये. हे सांगायला नको, तरी सांगतो.

रानवाट:
ती केबिनच्या मागच्या सीटवर झोपते, बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून. मागे एकटी बसेल असं मीच ठरवून टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

चौथा गिअर:
इतकं घाबरवू नका त्यांना. शेलचे फायदेही सांगा. माझं सामान सात वर्षांत एकदा भिजलं नाही. बाजूच्या खिडक्या उचलल्या की पुढच्या कोपऱ्यातली पेटी हाताला लागते. कव्हरमध्ये पुढे सरकलेली वस्तू काढायला रांगत जावं लागतं. रोज रांगून बघा.

पाना-पक्कड:
चौथा गिअर यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. जोरात ब्रेक मारला की सगळं केबिनकडे जमा होतं. कव्हर बसवणाऱ्याने हौद्यात आडवी पट्टी टाकून सामान फाळक्याकडे अडवून ठेवावं. आणि टोकाला हुक असलेली एक काठी ठेवावी, मीटरभराची. पेटीच्या कडीत हुक अडकवून ओढायची. माझ्याकडे येणाऱ्या एका गवंड्याने ही दाखवली होती. त्यापेक्षा सोपं काही मला सापडलेलं नाही.

आता शेलच्या पकडीचं सांगतो, कारण यात माणसं दुखावतात. शेल हौद्याच्या काठांवर क्लॅम्पनी धरलेला असतो, प्रत्येक बाजूला तीन-चार. बहुतेक ठिकाणी भोकं पाडावी लागत नाहीत. हौद्यात प्लास्टिकचं अस्तर असेल आणि ते काठावरून बाहेर वळलेलं असेल तर ते काठावर कापून घ्या. क्लॅम्पखाली प्लास्टिक आलं की ते दाबाने हळूहळू पातळ होतं, क्लॅम्प सैल पडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बसवल्यावर दोन-चारशे किलोमीटरनी सगळे नट पुन्हा आवळायचे. नंतर दर काही महिन्यांनी.

मातीचा रस्ता:
काकांना दुजोरा. माझा शेल एकदा तीन बोटं मागे सरकला होता. बसवणाऱ्याने अस्तर कापलं नव्हतं आणि पुन्हा आवळायचं मला सांगितलंही नव्हतं. उतारावर मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारून थांबवलं.

नवखा ड्रायव्हर:
शेल आणि केबिनच्या मधली फट बुजवून टाकली तर? म्हणजे केबिनमधून सरळ मागे जाता येईल.

पाना-पक्कड:
घट्ट बुजवू नका. सांगाड्यावर बांधलेल्या पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे दोन वेगळे भाग असतात, खड्ड्यात ते वेगवेगळे हलतात. मध्ये काही कडक घातलंत तर ते तुटेल, नाहीतर काच जाईल. त्यासाठी मऊ फुगीर रबराची चौकट मिळते, तीच वापरायची.

आकडेमोड:
इंधनाचं कोणी विचारण्याआधी सांगून टाकतो. उघड्या हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकत जाते. म्हणून फाळका पाडून चालवण्याने फायदा होत नाही, उलट तो भोवरा मोडतो. सपाट कव्हरने थोडा फायदा होतो, शेलने कधी थोडा होतो कधी होत नाही. या कारणासाठी दोन्हींपैकी काहीच घेऊ नये.

निशिगंध:
मागचं दिसण्याबद्दलही थोडं. शेल लावला की केबिनची काच, शेलची पुढची काच आणि शेलची मागची काच अशा तीन काचांतून बघायचं. पावसात आणि रात्री फार कमी दिसतं. केबिनवरचा तिसरा ब्रेक लाइटही झाकला जातो, म्हणून शेलवर दुसरा जोडून घ्यावा लागतो. आमचा तो वर्षभर बंद होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

चौथा गिअर:
हो, हे बरोबर आहे. ब्रेक लाइट बघायला हवा अधूनमधून.

पाना-पक्कड:
रानवाट, तुम्हाला एक काम देतो. चार आठवडे एक वही गाडीत ठेवा. प्रत्येक वेळी फाळका उघडला की एक ओळ लिहा. काय काढलं, किती उंच होतं, हौद्याच्या कुठल्या टोकाला होतं, पाऊस होता का. मग इथे या. तोवर कुठेही पैसे भरू नका. माणूस आपल्या गाडीत काय नेतो हे त्याला वाटतं एक आणि असतं दुसरंच. हे मी माझ्या स्वतःच्या गाडीवर शिकलो.

रानवाट:
करतो काका. उद्यापासून.

रानवाट:
मंडळी, चार आठवडे झाले. वही भरली. सगळं इथे उतरवत नाही, पण बेरीज अशी आहे.

फाळका ११७ वेळा उघडला. त्यात १०३ वेळा काढलेली किंवा ठेवलेली वस्तू ४८ सेंमीपेक्षा कमी उंचीची होती, म्हणजे कव्हरखाली आरामात मावणारी. ३ वेळा मुक्कामाचं सामान. हौद्यापेक्षा उंच वस्तू फक्त ११ वेळा.

त्या ११ मध्ये खरी गंमत आहे. मी शेलची आतली उंची मोजायला गेलो, तळापासून टपापर्यंत १०० सेंमी भरली. माझ्या ११ पैकी ६ वस्तू त्यात मावतात. उरलेल्या ५ मावत नाहीत. १२० आणि १५० सेंमीच्या टाक्या होत्या, त्या उभ्याच न्यायच्या असतात, आणि एकदा शेजाऱ्यांचा फ्रिज. फ्रिज आडवा नेला तर कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत जातं, म्हणून तोही उभाच. उंच सामानासाठी म्हणून मी शेल घेत होतो आणि त्याच ५ फेऱ्या शेलने बंद केल्या असत्या. शेलला टप असतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात दोन महिने आली नव्हती.

शेलमध्ये मावणाऱ्या ६ फेऱ्यांपैकी पाऊस फक्त एकदा होता. त्या एका दिवशी ताडपत्री लागली असती. बस.

१०३ पैकी ४१ वेळा हवी ती वस्तू केबिनकडच्या टोकाला होती आणि मला वर चढावं लागलं. चौथा गिअर, तुमचा मुद्दा आकड्यांतही खरा ठरला. हा एकच आकडा मला शेलकडे ओढत होता.

वही बायकोला दाखवली. तिने चाळली आणि म्हणाली, "मुक्कामाची रात्र महिन्यात एक-दोनदा येते, ती तंबूत काढू. पण हे एक्केचाळीस वेळा चढणं थांबव आधी." हौद्याचा काठ जमिनीपासून १३० सेंमी आहे. तिचा हात बाजूने तळापर्यंत पोचत नाही, माझाही नाही.

पाना-पक्कड:
वही नीट लिहिलीत. ४१ साठी आडवी पट्टी आणि हुकाची काठी. त्याने नाही भागलं तर सरकतं फळकूट, पण त्याचं वजन आकडेमोड यांना विचारून.

आकडेमोड:
सरकता तळ पूर्ण लांबीचा घेतला तर ५० ते ९० किलो. कव्हरचा वाचलेला सगळा फायदा तिथे जाईल. आधी काठी वापरून बघा.

चौथा गिअर:
वही बघून मान्य करतो, तुमच्यासाठी कव्हरच बरोबर. माझं काम वेगळं. मी छापील मालाचे खोके नेतो, सगळे सारख्या उंचीचे, आणि एक थेंब पडला की माल गेला. मला टप हवाच.

श्वानमित्र:
टपावर तंबू लावायचा विचार आहे का? कव्हरच्या वर आडव्या पट्ट्या टाकून त्यावर तंबू बसवतात काही जण.

रानवाट:
पाइप आणि शिडीसाठी आडव्या पट्ट्या घेतोच आहे. तंबू बसेल का त्यावर?

आकडेमोड:
दोन आकडे वेगळे बघा. उभ्या गाडीवर पट्ट्या जितका भार पेलतात, त्यापेक्षा चालत्या गाडीवरचा आकडा खूप कमी असतो, कारण खड्ड्यात भार आपटतो. कच्च्या रस्त्यासाठी तर आणखी कमी. ५०-६० किलोंचा तंबू चालत्या आकड्यात बसला पाहिजे, आणि तंबू अधिक तुम्ही दोघं उभ्या आकड्यात. शेलच्या टपालाही हाच नियम. साध्या फायबर शेलचा चालता आकडा अनेकदा १०० किलोंच्या आतच असतो. पट्ट्या कव्हरच्या फळ्यांवर टेकलेल्या नसाव्यात, हौद्याच्या काठावर टेकलेल्या असाव्यात. कव्हर बर्फाचा किंवा पसरलेला भार घेतं, टोकदार भार घेत नाही. त्यावर कोणी उभं राहू नये.

निशिगंध:
तंबू जमिनीवरचाच घ्या दादा. रात्री कुत्रीला बाहेर जायचं असतं. शिडीवरून २८ किलो उतरवणार?

रानवाट:
नाही ताई. जमिनीवरचाच.

रानवाट:
कव्हर बसवून आज तीन आठवडे झाले. जे झालं ते लिहितो.

बसवायला मी आणि मेव्हणा, दोन तास लागले. पितळी किल्लीने फाळका उघडायची सवय मोडली, कुलूप सेंट्रल लॉकिंगला जोडून घेतलं. काठावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या येतात, त्यांच्याखाली रबराची पट्टी सलग आहे ना ते काका म्हणाले म्हणून बघितलं. एका बाजूला वीतभर तुटलेली होती. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की गंज लवकर धरतो, म्हणून ती बदलून घेतली.

बसवल्या दिवशी पाइपने पाणी मारलं. केबिनच्या बाजूचा डावा कोपरा टपटपत होता. काढून बघितलं तर निचऱ्याची नळी मुडपली होती आणि पाणी उलटं पन्हळीतून आत येत होतं. नळी सरळ केली, आता कोरडं आहे. फाळक्याकडून मात्र थोडं पाणी येतंच. बीडिंग मागवलंय. हत्यारांच्या पेट्या तळाला टेकू नयेत म्हणून खाली रबराची खाचांची चटई टाकली.

हुकाची काठी मी एका जुन्या पाइपाची केली. पहिल्या आठवड्यात हात विसरायचा, पाय आपोआप वर चढायचा. आता नाही. वही अजून चालू आहे, तीन आठवड्यांत ४ वेळा चढलो.

टाकी एकदा नेली. दोन फळ्या दुमडल्या, पट्टे लावले, टाकी उभी बांधली. मागचं आरशांतून बघावं लागलं, पण गेलो.

पाना-पक्कड:
किती किलोमीटर झाले? क्लॅम्प पुन्हा आवळले का?

रानवाट:
६८० झाले. नाही आवळले काका. आज संध्याकाळी पाना घेऊन बसतो, तिसरा ब्रेक लाइटही बायकोला मागे उभं करून बघतो.